चौकोनातलं खालचं नाव

शरद,

या वर्षीचं वेळापत्रक अजून फलकावर लागलेलं नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. प्राचार्यबाई रोज विचारतात, "सर, कधी लावताय?" आणि मी रोज सांगतो, "होतंय, होतंय." खरं तर ते तयार आहे. माझ्या पिशवीत घडी घालून ठेवलंय. भूगोलाचे चौकोन तेवढे राहिलेत. वर 'भूगोल' लिहून झालं, पण खाली तुझं नाव लिहायचं नाही हे हाताला अजून समजत नाही. एकदा तर लिहून गेलो आणि मग खोडरबर शोधत बसलो.

तू गेलास आणि आठवड्याभरात प्रवेश सुरू झाले. तुझी वेळ पहिल्यापासून वाईट. मीटिंगमध्ये सगळं ठरून लोक खुर्च्या मागे सारायला लागले की तुला मुद्दा आठवायचा. या खेपेला उलटं केलंस. मुद्दा अर्धा ठेवून तूच उठून गेलास.

शोकसभा झाली. लोक छान बोलले. 'कधीही भरून न निघणारी पोकळी' असं बऱ्याच जणांनी म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी कार्यालयातून विचारणा आली, भूगोलाचे तास कुणाकडे द्यायचे म्हणून. मला राग आला नाही. कॉलेज असंच चालतं, चालायलाही हवं. तू असतास तर चष्मा कपाळावर चढवून या दोन गोष्टींवर आठवडाभर हसला असतास. "तुम्ही त्यांचे जवळचे मित्र, दोन शब्द बोला," म्हणून मला उठवलं. मी उभा राहिलो आणि खाली बसलो. तुझ्याबद्दल 'ते' म्हणायला जमेना.

घरी बोलायला माणसं आहेत रे. भांडायला कुणी राहिलं नाही, ही माझी अडचण आहे.

दर जूनला व्हरांड्यात ते टेबल लागतं, पाण्याच्या टाकीशेजारी. 'विषय निवड मार्गदर्शन' अशी पाटी, दोन खुर्च्या, समोर एक बाक. बारावी झालेली मुलं येतात, बरोबर वडील, मामा, नाहीतर मैत्रिणींचा घोळका. पूर्वी निवडायला होतं काय? चार विषय आणि त्यांच्या ठरलेल्या जोड्या. आता नवं धोरण आलं, मेजर आलं, मायनर आलं, ओपन इलेक्टिव्ह आलं. अठरा वर्षांच्या पोरापुढं एवढं मोठं ताट वाढलं गेलं की ते बिचारं आधी पापड खाऊन मोकळं होतं. त्याने भाजीभाकरीकडेही बघावं म्हणून आपल्याला तिथं बसवलेलं असायचं. मी अर्थशास्त्राचा, आणि वेळापत्रकही माझ्याकडे म्हणून तुझ्या तोंडी 'वेळापत्रकराव'. तू भूगोलाचा. त्या टेबलावर आपण मुलांना किती मार्गदर्शन केलं देव जाणे, पण एकमेकांशी भांडलो मात्र भरपूर.

वेळापत्रक म्हणजे चौकोनांचा कागद. प्रत्येक चौकोनात वर विषय, खाली शिकवणाऱ्याचं नाव. मुलगा समोर बसला की तू तो कागद त्याच्यापुढे सरकवायचास. "वरचं वाचू नको. खालचं नाव वाच. मग वरच्या वर्गातल्या पोरांना त्या नावाबद्दल विचारून ये. कोण शिकवणार हे कळल्याशिवाय कुठलाही विषय घ्यायचा नाही."

मी लगेच, "वरचं वाच रे बाळा. खालचं नाव बदलतं. माणूस रजेवर जातो, सोडून जातो, निवृत्त होतो. विषय जन्मभर पुरतो."

"दार उघडणाराच पेंगत असेल तर आत जाऊन करायचं काय?"

"दार उघडणाऱ्यासाठी कुणी घर घेतं का?"

मुलगा एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहायचा. एका पालकाने तर हात जोडून विचारलं होतं, "सर, तुमचं दोघांचं आधी ठरवता का? आम्ही तवर चहा पिऊन येतो."

तुझी दुसरी खोड म्हणजे बसून बघणं. "चिवड्याच्या दुकानात गेलं तर तळहातावर चिमूटभर ठेवतात, खाऊन बघा म्हणतात. आणि इतकी वर्षं शिकायचा विषय न चाखता घ्यायचा?" असं म्हणून तू मुलाला उठवायचास आणि वरच्या वर्गाचा जो तास चालू असेल तिथं मागच्या बाकावर नेऊन बसवायचास. मराठीच्या मॅडम वैतागायच्या. इतिहासवाले म्हणायचे, ही काय वधूपरीक्षा आहे का. मुलं थोड्या वेळाने बाहेर यायची तेव्हा काही जणांच्या तोंडावर खरंच काहीतरी ठरलेलं दिसायचं, एवढं मी मान्य करतो. पण चाखून चिवडा कळतो, विषय कळत नाही, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे.

कळवणकडचे ते वडील आठवतात का तुला? डोक्याला टोपी, पोराचा दंड धरून आणलेला. "सर, मार्क पडतील असा विषय द्या याला. बाकी आम्हाला काय कळत नाय." मी अर्थशास्त्राचं सुरू केलं. बँका, स्पर्धा परीक्षा, सगळं व्यवस्थित चाललं होतं. तू मध्येच पोराला विचारलंस, "दुपारी जेवल्यावर झोप येते का रे?"

पोरगं लाजलं. बाप म्हणाला, "लय! बांधावर बसल्या बसल्या घोरतो."

"मग अर्थशास्त्र नको. ते दोन वाजता असतं," तू म्हणालास, आणि माझ्याकडे न बघता पुढे जोडलंस, "शिकवणाऱ्याचा आवाजही अंगाईसारखा आहे."

बाप एवढा मोठ्यानं हसला की कार्यालयातले कारकून बाहेर डोकावले. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन वाजताचा तास मी स्वतःहून घेतलेला असतो. वेळापत्रक करणाऱ्याने वाईट तास आधी आपल्या पानात वाढून घ्यावा, म्हणजे इतरांना कुरकुर करायला जागा राहत नाही. हे तुला पक्कं माहीत होतं आणि तरी तू बोललास. ते पोरगं पुढे राज्यशास्त्राला गेलं आणि सकाळच्या तासालाही झोपलं, हे मी तुला कितीतरी दिवस ऐकवत होतो. तू त्यावर भज्यांची प्लेट माझ्याकडे सरकवायचास.

आणि तुझा शेवटचा प्रश्न ठरलेला. विषयाचं सगळं बोलून झालं, पालक उठले, की तू मुलाला थांबवायचास. "घरी जायची शेवटची गाडी कितीची?" इगतपुरीचा तू, रेल्वेतल्या माणसाचा मुलगा, रोज गाडीने येऊन-जाऊन शिकलेला. गाडी चुकली की काय होतं ते तू अंगावर काढलेलं. भूगोलाचं प्रात्यक्षिक चार वाजता असायचं आणि तू दर वर्षी मला म्हणायचास, "सकाळी टाक, बाहेरगावच्या पोरींची गाडी चुकते." मी म्हणायचो, सकाळी तुझ्या खोलीतही माझे तास असतात, रिकाम्या खोल्या नाहीत. खरंच नसायच्या. मी एकदा चिडून विचारलं होतं, "विषय आवडीने निवडायचा का एसटीने?" तू म्हणालास, "ज्या तासाला पोचताच येत नाही तो विषय आवडून काय उपयोग?" मी उत्तर जुळवत होतो तोवर तू चहाला निघून गेला होतास.

आणखी एक प्रश्न होता. तो मुलांना नसायचा, मला असायचा, तोही गर्दी ओसरल्यावर. "वेळापत्रकराव, तू स्वतः अर्थशास्त्र का घेतलंस?" मी म्हणायचो, विषय चांगला होता म्हणून. तू म्हणायचास, "हं." तुझा तो 'हं' मला मुळीच आवडायचा नाही.

आता यंदाचं सांगतो. प्राचार्यबाईंनी मला बोलावून घेतलं. वाईट नाहीत त्या, त्यांचाही नाइलाज आहे. म्हणाल्या, "भूगोलाला बऱ्यापैकी मुलं आली तर तासिका तत्त्वावर कुणीतरी नेमू, वर्षापुरतं. नाही आली तर यंदा पहिल्या वर्षाचा वर्ग सुरू करता येणार नाही. आणि एकदा बंद झालेला विषय पुन्हा सुरू होत नाही, तुम्ही जाणताच." मी जाणतो. पाली भाषा आपल्या डोळ्यांदेखत गेली, तत्त्वज्ञान गेलं. त्यांच्या खोल्यांत आता परीक्षेचे गठ्ठे असतात.

यातली गंमत तुझ्या लक्षात आली असती. तुझ्या नियमाप्रमाणे यंदा भूगोल कुणीच घेऊ नये, कारण खाली नावच नाही. तुझा विषय जगवायचा तर मला माझी बाजू लढवायला हवी. वरचं वाच, खालचं बदलतं, विषय जन्मभर पुरतो. तुझ्याविरुद्ध बोलायची इतकी मोकळी संधी मला कधी मिळाली नव्हती. आणि मला तोंड उघडवत नव्हतं.

तुझ्या खुर्चीवर हिंदीचे नवे सर बसवलेत. सज्जन माणूस. मी काहीही बोललो की ते म्हणतात, "बरोबर आहे, सर." मी मुद्दाम एकदा चुकीचं बोललो, तेही बरोबर निघालं. दिवसभर बरोबर असण्याचा इतका कंटाळा येतो हे मला माहीत नव्हतं.

मोह झाला, नाही म्हणत नाही. एक दिवस चार मैत्रिणी आल्या. चौघींना एकच विषय हवा होता, म्हणजे एका बाकावर बसता येईल. विषय कुठलाही चालणार होता. "सर, तुम्हीच सांगा ना." मी नुसतं म्हटलं असतं की भूगोल घ्या, नकाशे रंगवायचे, मार्क पडतात, तर चौघी डोळे मिटून गेल्या असत्या. एका फटक्यात चार नावं. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण तुझा आवाज आला, पोरींची वर्षं घालून माझं स्मारक बांधू नकोस म्हणून. मग मी त्यांना तुझंच जुनं वाक्य ऐकवलं, "डबा एकत्र खा, विषय आपापले घ्या." त्या हो हो म्हणाल्या आणि चौघी मिळून समाजशास्त्राला गेल्या.

मधे वहिनी येऊन गेल्या. भूगोलाच्या खोलीची किल्ली घरी राहिली होती, ती द्यायला. कार्यालयात दिली तरी चाललं असतं, पण त्या वर माझ्याकडे आल्या. मी विचारलं, कशा आहात. त्या म्हणाल्या, "घरात वाद नाही हो आता कशावरून. पंखा किती वर ठेवायचा यावरूनसुद्धा नाही." आम्ही दोघंही एकाच आजाराचे रोगी, कोण कुणाला औषध सांगणार? किल्ली मी खिशात ठेवली आणि खोलीकडे काही फिरकलो नाही.

मग परवा ती आली. एकटीच. हे मला आधी खटकलं, कारण त्या टेबलाशी एकटं कुणी येत नाही. पाठीला सॅक, खांद्याला पिन लावलेली ओढणी, चपला चिखलाने भरलेल्या. बाकावर न बसता उभ्यानेच विचारलं, "सर, भूगोल हाय ना इथं?"

"आहे. बस. नाव काय?"

"साक्षी. सायखेड्याहून आले."

"भूगोलच का गं?"

"आमच्याकडं पूर येतो ना, सर." हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की जणू माझा प्रश्नच खुळा होता. "पाणी पुलावर चढतं. मग सगळी लोकं नुसती विचारत बसतात, धरणातून किती सोडलं, कधी येणार, घरात शिरंल का. कोणी म्हणतं शिरंल, कोणी म्हणतं नाय शिरणार. आमचे बाबा ओट्यावर विटेनं रेघ मारतात आणि तिच्याकडं बघत बसतात. मला वाटलं, हे कुठंतरी शिकवत असतील ना. कधी येणार ते आधी कसं कळतं, ते."

मी पेन खाली ठेवलं. शरद, ही तुझी होती रे. मार्क पडतात म्हणून आलेली नाही, मैत्रीण आली म्हणून आलेली नाही, स्वतःचा प्रश्न घरून घेऊन आलेली. असं एक पोर जरी आलं तरी त्या टेबलावरचा सगळा जून वसूल झाला, असं तूच म्हणायचास. ती आली आणि तू नव्हतास. मला तुझा फार राग आला.

ती पुढे म्हणाली, "आणि इथले सर लय भारी शिकवतात म्हणे. माझी आतेबहीण होती त्यांच्या वर्गात. ती म्हणाली, बाकी काय बघू नको, त्यांचा तास घे."

म्हणजे तीही खालचं नाव वाचूनच आली होती.

"ते सर वारले," मी म्हणालो. "अजून महिना नाही झाला." तोपर्यंत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, सांगायची वेळच आली नव्हती. बोलताना आवाज जरा वेगळाच आला. हिंदीचे सर पाणी प्यायला उठून गेले.

ती बाकावर बसली. "आई गं," म्हणाली. मग सॅक मांडीवर घेत, "मग आता कोण शिकवणार?"

"माहीत नाही."

मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कदाचित वर्ग सुरूच होणार नाही. झाला तर जो कुणी येईल तो वर्षापुरता, पुढच्या वर्षी आणखी कुणी. "ते सर असते तर तुला म्हणाले असते, कोण शिकवणार हे कळल्याशिवाय विषय घेऊ नकोस."

"आणि तुम्ही?"

माझी बाजू तोंडपाठ होती. इतकी वर्षं घोकलेली. मी सुरुवातही केली, की बाळा, माणूस बदलतो. तेवढ्यात तिने विचारलं, "तुम्ही तुमचा विषय कसा घेतला, सर?"

तुझा प्रश्न. जूनमधला, गर्दी ओसरल्यावरचा. तिला काय ठाऊक! पण ती माझ्याकडे अशी बघत होती की आपल्या पुढच्या सगळ्या वर्षांचं उत्तर त्यातच आहे. तिथं 'विषय चांगला होता म्हणून' म्हणता येईना. मग मी तिला खरं सांगितलं. तुला कधी सांगितलं नव्हतं, ते.

मी इतिहास घेणार होतो. नाव नोंदवायला निघालो होतो. वाटेत एका वर्गाच्या दारात थबकलो. आत एक वयस्कर सर कांद्याविषयी बोलत होते. उदंड पिकला की भाव का पडतो, आणि सगळ्यांनी शहाणपणा केला की सगळेच खुळे कसे ठरतात. हातात खडू होता, फळ्यावर एक अक्षर नव्हतं. माझं तोंड उघडंच राहिलं असावं. ते म्हणाले, "आत ये नाहीतर पुढं जा, वारा अडतोय." मी आत गेलो. आपण ऐकलं त्या विषयाचं नाव काय, हे मी तास संपल्यावर शेजारच्या मुलाला विचारलं. इतिहासाकडे मी पुन्हा गेलोच नाही.

झालं, शरद? ऐकलंस? तुझा 'हं' बरोबर होता. मी खालचं नाव वाचूनच आलो, आणि तेही वरचं न वाचता. तुला सांगितलं असतं तर तू कॉलेजभर पेढे वाटले असतेस आणि दर जूनमध्ये प्रत्येक पालकाला माझं उदाहरण दिलं असतंस. म्हणून नाही सांगितलं. निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणात सांगायचं असं मनात होतं. तुझा चेहरा कसा होईल ते मी ठरवूनसुद्धा ठेवलं होतं.

पोरीने सॅक खांद्यावर ओढली. मला वाटलं, झालं, आता ही जाणार. तिचं बरोबरच होतं. मग मला तुझी दुसरी खोड आठवली. बसून बघायला तास नव्हता, पण किल्ली खिशात होती. "चल," म्हटलं.

तुझी खोली बंद राहून कोंदट झालीय. पृथ्वीच्या गोलावर तू टाकलेलं फडकं तसंच आहे. जिल्ह्याचा मोठा नकाशा भिंतीवर आहे. मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि लक्षात आलं, आपल्याला यातलं काही येत नाही. तू कँटीनच्या टेबलावर चहात बोट बुडवून जेवढं काढून दाखवलंस तेवढंच येतं. मी इगतपुरीवर बोट ठेवलं. "इथं धो धो पडतो. ते सर इथले. इकडून दारणा निघते. मधे धरण. मग अशी अशी येते, आणि खाली गोदावरीला मिळते."

तिने सायखेडा शोधलं आणि तिथं आपलं बोट टेकवलं. मग नदीच्या रेघेवरून उलटं वर सरकवत आणलं, माझ्या बोटापर्यंत. "म्हंजे सरांच्या गावचा पाऊस आमच्या ओट्यावर येतो."

"हो."

"पोचायला किती वेळ लागतो?"

मला माहीत नव्हतं. तू ते नक्की सांगितलं असशील, चहाने टेबल भिजवून, आणि मी तेव्हा भजी खात असेन. "मला येत नाही," मी म्हणालो. "हे शिकवायला येणारा माणूस लागतो." माझ्याच बाजूवर मी आणखी एक धोंडा ठेवला.

ती म्हणाली, "वेळापत्रक हाय का, सर?"

पिशवीतून काढून दिलं. तिने ते तुझ्या मोठ्या टेबलावर पसरलं आणि बोटाने शोधत भूगोलाच्या चौकोनापाशी थांबली. "खाली कोणाचं नाव नाय."

"नाही."

तिने बोट त्या रिकाम्या जागेवरून वरच्या ओळीवर नेलं. मग म्हणाली, "मग वरचं वाचते. कोणी शिकवो नायतर न शिकवो, पूर काय थांबणार हाय का?"

मी तिला शाबासकी दिली नाही. माझ्या तोंडून एवढंच गेलं, "घरी जायची शेवटची गाडी कितीची?" ती म्हणाली, पाचची बरी पडते, नंतरची भरून येते आणि घरी ओरडा बसतो. तिने फॉर्म भरला, मी सही केली, ती गेली. खोलीला कुलूप लावताना मात्र मला रडू आलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं, बरं झालं.

एका मुलीने विषय जगत नाही. वर्ग सुरू होईल की नाही, झाला तर कोण येईल, सायखेड्याच्या त्या पोरीने शहाणपणा केला की खुळेपणा, मला काही सांगता येत नाही. इथवर काल रात्री लिहिलं होतं. आज वेळापत्रक पूर्ण केलं. भूगोलाखाली 'ठरायचे आहे' असं लिहिलं, म्हणजे जो वाचेल त्याला खरं ते कळेल. प्रात्यक्षिक सकाळी टाकलं. तुझ्या खोलीतला माझा सकाळचा तास काढला, आणि तोही दुपारी ढकलला. आता माझी सगळीच मुलं जेवून येणार. त्यावर तू जे बोलला असतास ते मी मनात बोलून घेतलं, पण स्वतःलाच टोमणा मारण्यात काही मजा नाही रे.

तो कागद मी स्वतः फलकावर लावला आणि समोर उभा राहिलो. इतक्या वर्षांचा वाद परवा तुझ्या खोलीत निकालात निघाला. तिने मला जिंकवलं आणि मी तुला. दोन्ही निकाल लागलेत हे कॉलेजात मला एकट्याला माहीत आहे.

स्टाफरूममध्ये गेलो तर हिंदीचे सर म्हणाले, "वेळापत्रक छान झालंय, सर."

"छान काय छान," मी म्हणालो, "एखादी चूक दाखवा की."

ते गोंधळले. उठून बाहेर फलकापर्यंत गेले, बिचाऱ्यांनी सगळा कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत येऊन म्हणाले, "नाही हो सर. सगळं बरोबर आहे."

मी चष्मा काढून पुसला आणि एकटाच खाली चहाला गेलो.